थांबण्याची आज्ञा

हेमांगी पिसाळच्या डाव्या नडगीच्या हाडाला गेलेली चीर केसाइतकी बारीक होती. वाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली, तेव्हा आधी तिला ती सापडेचना. सापडली, आणि मग त्या पडद्यावर तिला दुसरं काही दिसेना.

"धावणं पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले. "हाड भरून यायला तीन महिने तरी धरून चाल."

"आणि त्याआधी धावले तर?"

"तर हाडाचे दोन तुकडे होतील. मग धावण्याचं सोड, चालायलाही काठी लागेल."

तीन-साडेतीन महिन्यांवर आशियाई स्पर्धांच्या मॅरेथॉनची निवड चाचणी होती. हेमांगी एकोणतीस वर्षांची होती. पुढची संधी येईपर्यंत कितीतरी नव्या पोरी तिच्या पुढे गेलेल्या असणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिच्या प्रशिक्षकांनी, खाडे सरांनी, आयुष्यभर जायबंदी पोरांना विहिरीत पोहायला घातलं होतं, सायकलवरून पसरणी घाटात पिटाळलं होतं. पाय जमिनीवर आपटू द्यायचे नाहीत आणि दम टिकवायचा, हे त्यांचं साधं गणित.

"पण पोरी, खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "सायकलनं छाती शाबूत राहते. पाय मात्र धावायचं विसरतात. आणि चाचणीत आपल्याला पायच लागणार."

मग त्यांनीच तिला पाचगणीला नेलं.

पाचगणीत एका बंद पडलेल्या निवासी शाळेच्या इमारतीत 'गतिशाळा' नावाची संशोधन संस्था नुकतीच सुरू झाली होती. ती चालवणाऱ्या डॉ. शर्वरी दामले मज्जासंस्थेच्या अभ्यासक. चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, समोरच्याला कळलं की नाही हे डोळ्यांत बघून ताडणाऱ्या.

"नुकतं जन्मलेलं मूल काखेत धरून उभं केलंयस कधी?" त्यांनी हेमांगीला विचारलं. "तळवे टेकले की ते पावलं टाकतं. कुणी शिकवलेलं नसतं त्याला. कमरेच्या भागात आपल्या मज्जारज्जूत पेशींचं एक जाळं असतं. डावा, उजवा, डावा, उजवा, हा ताल तिथे तयार होतो. मेंदू वरून नुसतं 'चल' म्हणतो. पुढचं सगळं खाली, परस्पर होतं."

"मुंडी छाटलेली कोंबडी धावते, तसं?" खाडे सरांनी विचारलं.

दामले मॅडम हसल्या. "साधारण तसंच."

मग त्यांनी हौद दाखवला. पुरुषभर उंचीपेक्षाही खोल, कोमट पाण्याचा. कमरेला तरंगणारा पट्टा बांधून पाण्यात उभ्याउभ्या पाय मारायचे, ही जुनीच युक्ती. हाडावर भार येत नाही. अडचण एवढीच, की तळव्याला जमीन लागत नाही, त्यामुळे खालच्या जाळ्याला काही उमज पडत नाही आणि पावलांची घडण बिघडते. मॅडमनी त्यावर 'तालपट्टा' बनवला होता. पाठीच्या कण्यावर, कमरेशी चिकटवायची हाताच्या पंजाएवढी पातळ चकती. हेमांगीच्या बुटांच्या तळव्यांत बसवलेल्या यंत्रांनी गेली कित्येक वर्षं नोंदवलेली तिचीच धाव तो पट्टा विजेच्या सूक्ष्म ठोक्यांतून मज्जारज्जूला परत ऐकवणार होता. मज्जारज्जूला वाटणार, पायाखाली रस्ता आहे. स्नायू रस्त्यावर राबतात तसे राबणार, हृदय तसंच धडधडणार. हाड मात्र पाण्यात निवांत.

पहिल्या दिवशी हेमांगी हौदात उतरली आणि मॅडमनी कळ दाबली. तिचे पाय सुरू झाले. तिने काहीच केलं नव्हतं. पायांनी आधी सपाटीची चाल घेतली, मग चढाची. तिला ती चाल ओळखू आली. पसरणी घाटातल्या तिसऱ्या वळणावर ती अशीच धावायची. ती छताकडे बघत पाण्यात तरंगत होती, रात्री अण्णांसाठी भाजी कोणती करावी याचा विचार करत होती, आणि तिचे पाय खाली घाट चढत होते. काठावर खाडे सर तोंडावर हात ठेवून उभे होते.

वेळ संपली तशी मॅडमनी कळ बंद केली. पाय एका क्षणात गळून गेले.

"कसं वाटलं?"

"कुणीतरी कडेवर घेऊन धावल्यासारखं," हेमांगी म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं.

महिन्याभरात तिचा दम पूर्वीपेक्षा वाढला. हृदयाचे आकडे बघून खाडे सर आल्यागेल्याला चहा पाजू लागले. नडगीची चीरही पुसट व्हायला लागली होती.

वाईत घरी अण्णा होते. दत्ताजीराव पिसाळ, शाळेतले निवृत्त पीटी शिक्षक. त्यांच्या शिट्टीवर एके काळी सगळी शाळा एका पावलाने चालायची. हेमांगीला पळायला त्यांनीच शिकवलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. अण्णांना चार वर्षांपूर्वी कंपवात झाला. हात थरथरायचे ते एकवेळ चाललं असतं, पण त्यांचे पाय गोठायचे. दाराच्या चौकटीशी, खोली संपते तिथे, ते उभेच राहायचे. मनातून शंभरदा निघायचे, पाऊल उचलायचं नाही. हेमांगीने घरभर फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. डोळ्यांना ओलांडायला काहीतरी दिसलं, की पाय कधीकधी सुटायचे. मेंदूला आतली वाट सापडत नाही तेव्हा तो बाहेरची शोधतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पहिली खूण दिसली तेव्हा ती हसली होती. हौदातून बाहेर येऊन बाकावर बसली, आणि टाचा आपोआप वरखाली होत राहिल्या. दहाएक ठोके. मग थांबल्या. "सवय लागली पायांना," असं म्हणून तिने टॉवेल गुंडाळला.

दुसऱ्या खुणेला ती हसली नाही. दुपारची जरा आडवी झाली होती. जाग आली ती चादर फरफटल्याच्या आवाजाने. छाती भात्यासारखी हलत होती, अंग घामाने भिजलेलं. पांघरुणाखाली तिचे पाय धावत होते. तिने दोन्ही हातांनी मांड्या दाबून धरल्या. हाताखाली स्नायू उसळत होते. तिच्याच अंगाला चिकटलेलं दुसरं कुणाचंतरी जनावर असावं, तसे. ती मोठ्याने "थांब" म्हणाली. पाय लगेच थांबले नाहीत. थांबले ते त्यांच्या मर्जीने.

त्या दिवशी तिने पाचगणीला फोन लावला, आणि मॅडमनी "बोल, हेमांगी" म्हटल्यावर "उद्याची वेळ नक्की करायची होती" एवढंच बोलून ठेवून दिला. सांगितलं असतं तर हौद बंद झाला असता. हौद बंद, म्हणजे चाचणी बंद. ती स्वतःला समजावत राहिली, की एकदा रस्त्यावर धावायला लागलं की सगळं जागच्या जागी येईल.

मग ती मंडईत भाजीवाल्या बाईंपाशी थांबायला गेली आणि चार पावलं पुढे निघून गेली. बाई म्हणाल्या, "अगं, विसरलीस का मला?" हेमांगी वळून हसली. त्यानंतर ती रस्ता ओलांडताना खांबाला हात लावून उभी राहायला लागली. उभं राहणं ही इतकी मोठी गोष्ट असते हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

आणि मग एका सकाळी अण्णांचा हात धरून ती त्यांना अंगणात नेत होती. दाराशी अण्णांचे पाय गोठले. ती थांबायला गेली. तिचे पाय थांबले नाहीत. तिच्या हाताला हिसका बसला, अण्णा पुढे खेचले गेले आणि उंबऱ्यावर गुडघ्यांवर आपटले. ती आणखी दोन पावलं चालली, कठड्याला धरलं, आणि वळली.

अण्णांनी वर बघितलं. तिच्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

"तू थांबली का नाहीस, हेमा?"

"लक्ष नव्हतं, अण्णा. लागलं का? बघू."

"मी सगळी हयात पोरांची पावलं बघण्यात घालवली आहे," ते गुडघा चोळत म्हणाले. "लक्ष नसलेलं पाऊल वेगळं पडतं. हे वेगळं होतं."

तिने त्यांना आधार देऊन उठवलं. अण्णांनीही पुन्हा विचारलं नाही. पण आठवड्याने हाड भरल्याचा निर्वाळा मिळाला, टेबल लँडवर पहिल्यांदा हलकं धावायचं ठरलं, तेव्हा ते हटून बसले. "मला न्यायचं. खुर्ची टाकून बसेन."

टेबल लँड म्हणजे पाचगणीच्या माथ्यावरचं भलंमोठं पठार. जांभ्या दगडाचं, ताटासारखं सपाट, आणि कडेने तुटलेला कडा. सकाळी तिथे माणूस नव्हतं, नुसता वारा होता. संस्थेच्या गाडीतून अण्णांना वर आणलं, पठाराच्या मधोमध खुर्चीत बसवलं. शेजारी दामले मॅडम, हातात तिच्या नोंदी दाखवणारा छोटा पडदा घेऊन. खाडे सरांनी हेमांगीच्या पाठीवर थाप मारली.

"फक्त त्या झुडपापर्यंत. जा आणि ये. अंगात येऊ द्यायचं नाही."

तिने पाऊल टाकलं, आणि पायांना जमीन सापडली.

कित्येक आठवडे पाण्यात शोधत असलेली जमीन. पाय उधळले. झुडूप आलं, मागे पडलं. तिने थांबायचं ठरवलं. हातांनी ऐकलं, मानेनं ऐकलं, खांदे मागे आले. कमरेखाली काहीच पोचलं नाही.

"बास! वळ!" मागून खाडे सर ओरडले.

वळता येत होतं. तेवढंच येत होतं. समोर कड्याची रेघ आणि तिच्यापलीकडे धुक्याने भरलेली दरी दिसली तशी ती किंचाळत डावीकडे वळली. खाली बसावं म्हणून अंग पुढे टाकलं, तर तोल सावरायला पाय आणखी जोरात सुटले. मागे रेललं, तरी पाय खाली येऊन उभेच. तिला पडताही येत नव्हतं. वारा कानात भरला होता आणि त्यातून तिला स्वतःच्याच पावलांचा आवाज येत होता, एकसारखा, न चुकणारा. ती मधल्या खुर्चीभोवती मोठे फेरे घालू लागली, कारण कड्यापासून लांब राहायचा तेवढा एकच मार्ग होता.

"थांबता येत नाहीये! अण्णा, मला थांबता येत नाहीये!"

खाडे सर तिच्यामागे धावले. साठी उलटलेला माणूस, दोन फेऱ्यांत वाकून उभा राहिला. दामले मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. बंद करायला काही नव्हतंच. पट्टा हौदापाशी खुंटीला लटकत होता.

नडगीत ऊब जाणवायला लागली. मग चटका. नव्याने सांधलेलं हाड प्रत्येक पावलाला तापत होतं, आणि हेमांगीला माहीत होतं, की आता कुठल्याही क्षणी ते मोडेल. त्याहून भयंकर विचार तिच्या मनात आला, की मोडल्यावरही पाय थांबले नाहीत तर?

फेरा पुरा करून ती वळली तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले होते.

ते हातातली काठी बघत उभे होते. मग त्यांनी ती पायांपुढे आडवी टाकली, आणि ओलांडली. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. थरथरत, डुलत, पण चालत ते नेमके तिच्या वाटेत येऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरले.

"बाजूला व्हा!" ती ओरडली. "अण्णा, लागेल तुम्हाला!"

"वळू नकोस!" तो मैदानावरचा जुना आवाज होता. हजार पोरांना ऐकू जाणारा. "हेमा, वळायचं नाही!"

वळता येणं एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं. समोर तिचे अण्णा होते, सत्तरीतले, वाळक्या काटकीसारखे. तिने डोळे मिटले आणि ती वळली नाही.

धडक बसली. अण्णांनी तिला मिठी मारली आणि दोघं एकमेकांवर कोसळले. खाली काहीतरी मोडल्याचा आवाज तिने ऐकला. आपलीच नडगी, असं तिला वाटलं. तिचे पाय अजून धावत होते, टाचा तांबड्या मातीत खड्डे पाडत होत्या. खाडे सर धापा टाकत आले आणि त्या पायांवर आडवे पडले. बऱ्याच वेळाने पाय निवले.

मोडला होता तो अण्णांचा खुबा.

साताऱ्याच्या इस्पितळात शस्त्रक्रिया चालू असताना दामले मॅडम बाहेर तिच्यापाशी येऊन बसल्या. या वेळी त्या भरभर बोलत नव्हत्या.

"धावण्याची आज्ञा आणि थांबण्याची आज्ञा मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी उतरतात. थांबवणाऱ्या पेशी निराळ्या. जी वाट वापरात राहते ती पक्की होते, न वापरलेली बुजत जाते. हौदात तू हजारो वेळा धावलीस, हेमांगी. पण एकदाही स्वतःहून थांबली नाहीस. प्रत्येक वेळी यंत्राने थांबवलं. तुझ्या मज्जारज्जूने ते शिकून घेतलं. माझ्या हे डोक्यातच आलं नाही."

"मी तुम्हाला सांगितलं नाही," हेमांगी म्हणाली. "फोन केला होता, आणि सांगितलं नाही."

मॅडमनी हौद त्याच दिवशी बंद केला. आणखी सात जण तालपट्ट्यावर सराव करत होते. त्यातला एक फुटबॉलपटू आदल्याच दिवशी काचेच्या दारातून आरपार गेला होता, आणि पाय थांबले नाहीत हे त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

निवड चाचणी झाली. हेमांगीने ती पाहिली नाही. त्या दिवसांत ती दोन दांड्यांच्या मध्ये चालायला शिकत होती. म्हणजे थांबायला. खाडे सर शेजारून चालत आणि मध्येच म्हणत, "आता." सुरुवातीला "आता" नंतर चार पावलं पडत, मग तीन. रोज तीच एक गोष्ट. तिला प्रत्येक वेळी वाटे, या वेळी थांबणारच नाही. तळहात घामाने निसटायचे. कधी एकदाचं पाऊल सांगितल्या जागी थांबू लागलं तेव्हाही ती भीती गेली नाही. रस्त्याने जाताना ती अजून मनाशी ठरवून, मधूनच, विनाकारण उभी राहून बघे.

अण्णांचा खुबा जुळला, पण ते उठेनात. आता पाय सगळीकडेच गोठत होते. पट्ट्या लावल्या, काठी आडवी टाकली, कशाने सुटेनात. डॉक्टर म्हणाले, असेच पडून राहिले तर छातीत पाणी होईल.

एके सकाळी अण्णांनी दामले मॅडमना बोलावून घेतलं आणि हेमांगीसमोर विचारलं, "तुमचा तो पट्टा. तो पाय आपोआप चालवतो ना?"

"नाही," हेमांगी मध्येच म्हणाली. "अण्णा, नाही."

"त्यांना विचारतोय मी."

"चालवेल," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "कंपवातावर चालेल असं मला आधीपासून वाटत होतं. पण आता मी आग्रह करणार नाही."

"अण्णा, तुम्ही पाहिलंत मला काय झालं ते!" हेमांगीचा आवाज चढला. "तुम्हाला अंगातलं ते काय असतं माहीत नाही. आपलेच पाय, आणि आत आपण नाही."

"मला माहीत नाही?" अण्णा शांतपणे म्हणाले. "चार वर्षं झाली, हेमा. रोज सकाळी मी पायांना 'चल' म्हणतो. आत कुणी नसतं. तुला सुरू झालेलं थांबवता येईना, मला थांबलेलं सुरू करता येईना. भीती एकच आहे. तू तुझी धावून काढलीस, मी माझी पडून काढतोय."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "यंत्राने बंद करायचं नाही. एकदाही नाही. प्रत्येक वेळी अण्णांनी स्वतः थांबायचं. आणि मी समोर असणार."

मॅडमनी मान डोलावली.

इस्पितळाच्या लांब ओसरीवर अण्णांना उभं केलं. कमरेला चकती लावली. शेवटच्या खांबाशी थांबायचं असं ठरलं. हेमांगी त्यांच्याकडे तोंड करून, उलट पावलं टाकत चालणार होती. त्यांना धरायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं, म्हणून हात मागे बांधले होते.

मॅडमनी पट्टा सुरू केला. अण्णांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. त्यांनी एकदा खाली बघितलं, आणि मग ताठ मानेने समोर. चार वर्षांत तिने त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. कवायतीच्या मैदानावरचे अण्णा.

शेवटचा खांब आला.

अण्णा थांबले नाहीत. एक पाऊल पुढे. आणखी एक. ओसरी संपत होती, पुढे पायऱ्या होत्या. हेमांगीचे हात सुटले.

"अण्णा! थांबा!"

आणखी एक पाऊल पडलं. आणि ते थांबले. पायरीच्या अलीकडे, दोन्ही टाचा जुळवून. कपाळावर घाम होता.

"अगं, बघत होतो," ते दम घेत म्हणाले, "अजून किती लांब जाता येतं ते."

हेमांगीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खरं बोलतायत की खोटं, तिला कळेना. ती स्वतः भाजीवाल्या बाईंकडे वळून असंच हसली होती.

तिने बाजूची एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, ओसरीच्या मधोमध नेऊन ठेवली आणि परत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता परत जायचं," ती म्हणाली. "त्या खुर्चीशी थांबायचं. एक पाऊल पुढे पडलं तर पट्टा आजच्या आज काढायचा."

अण्णांनी खुर्चीकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मान हलवली आणि वळून चालायला लागले, आणि ती वळसा घालून पुन्हा त्यांच्यासमोर आली, पावलांवर नजर ठेवून, उलट पावलं टाकत जात राहिली. खुर्चीच्या अलीकडे अण्णांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण त्यांनी स्वतःला काय सांगितलं ते तिला दिसलं.

पाय थांबले. खुर्चीच्या अगदी पाशी, एक पाऊलही पुढे नाही.

हेमांगी त्याच खुर्चीत मटकन बसली. "पुन्हा," ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही, आणि तिला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.